भाऊंचा माऊ कसा झाला

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'ठळक भौमितिक अक्षर: घडण आणि वापर', आणि छापलाय नेमका इतक्या बारीक टायपात की मला चष्मा काढून पुन्हा घालावा लागला, असो, संयोजकांशी त्यावर चहाच्या वेळी भांडून झालंय.

या विषयावर बोलायचं म्हणजे पॉल रेनर या जर्मन अक्षरकारापासून सुरुवात करायची अशी पद्धत आहे. त्याचा फाँट फ्युचुरा, १९२७, फ्रँकफर्टची बाउअर फाउंड्री, म्हणजे छपाईचे खिळे ओतणारा कारखाना. कंपास आणि पट्टी घेऊन काढल्यासारखं अक्षर. पहिल्या कच्च्या आराखड्यात तर याने इंग्रजी आर म्हणजे एक उभा दांडा आणि शेजारी एक टिंब, एवढंच ठेवलं होतं, वाचणाऱ्याने समजून घ्यायचं! १९३३ला नाझींनी त्याला म्युनिकच्या मुद्रणशाळेतून काढलं, ती गोष्ट वेगळी आणि मोठी आहे. आणि १९६९मध्ये अपोलो ११ने चंद्रावर जी पाटी ठेवली तिच्यावरचा मजकूर फ्युचुरातच आहे. हे मी आमच्या फ्लेक्सवाल्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं तर तो म्हणाला, "सर, पण तिकडे वाचायला कोण जातंय?"

आता फ्लेक्सवाल्याचं नाव निघालंच आहे तर ते सांगून टाकतो, पाच मिनिटांत संपवतो.

आमच्या भागात एक भाऊ आहेत. सगळ्यांच्याच भागात असतात. त्यांचा वाढदिवस आला आणि मंडळाची पोरं माझ्याकडे, "काका, तुम्ही अक्षरांतले ना, एकदम दणदणीत काहीतरी करून द्या." मीही खूश, कारण एरवी मला कोण विचारतंय. पॉपिन्स नावाचा फाँट घेतला, त्यातलं सगळ्यात जाड वजन (वजन म्हणजे रेषेची जाडी), ब्लॅक, आणि मोठ्ठं 'आमचे लाडके भाऊ', बाकी काही नाही, ना शॅडो ना ग्लो. पोरं फाइल घेऊन गेली. फ्लेक्सवाल्याला ते अळणी वाटलं. त्याने कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्याच रंगाची जाड आउटलाइन चढवली, वर पांढरी, वर सोनेरी, म्हणजे जेवण झालेल्या माणसाला आग्रहाने आणखी चार जिलब्या.

इथे फळ्यावर बघा. हा भ. डावीकडे वर ही गाठ आहे आणि तिच्या पुढे शिरोरेषा तुटलीय, ही एवढीशी फट. भ आणि म यांच्यात लांबून बघताना फरक काय, तर ही फट. जाड अक्षरात डिझायनरने ती कशीबशी राखलेली असते, दुधावरची साय राखतात तशी. आणि आउटलाइन नुसती बाहेर वाढत नाही हो, फटीतही दोन्ही बाजूंनी शिरते. फट बुजली. सकाळी चौकात वीस फुटी फ्लेक्स, भरघोस मिशांचा फोटो, आणि खाली 'आमचे लाडके माऊ'.

शाळेची पोरं म्याव म्याव करत गेली. दुपारी फ्लेक्स उतरला. "हे केलं कुणी?" तर सगळ्यांची बोटं माझ्याकडे, कारण अक्षरवाला मी ना! फ्लेक्सवाल्याचे पैसे चुकते झाले, मला नारळसुद्धा नाही. दोन वर्षं झाली, अजून...

काय? दहाच मिनिटं? बरं, मग मुद्द्याचं भराभर सांगतो.

ठळक अक्षरात काळं काढायचं नसतं, पांढरं वाचवायचं असतं. कंपासने खरा गोल काढून तो जाड करा, आडवा भाग उभ्यापेक्षा जाडा दिसतो, म्हणून आडवं थोडं बारीक करावं लागतं. गोल अक्षर चौकोनीएवढंच उंच ठेवलं तर बुटकं दिसतं, म्हणून ते किंचित बाहेर काढतात. दोन रेषा भेटतात तिथे शाईचा गोळा दिसतो, म्हणून तो सांधा खरवडतात. फ्युचुराच्या जाड वजनात हे सगळं आहे, भूमिती म्हणजे नुसता भास. पॉपिन्सही तसाच, २०१४चा, इंडियन टाइप फाउंड्रीचा, देवनागरी निनाद काळेंची, रोमन म्हणजे इंग्रजीचं अक्षर जॉनी पिनहॉर्नचं, नऊ वजनं. आणि आपलं काम जास्त अवघड, रोमनला बहुतेक एकच मजला, आपल्याला वर वेलांटी-रफार, खाली उकार, मधे 'लक्ष्मी'तल्या क्ष्मीसारखी गर्दी, शिवाय डोक्यावर शिरोरेषेची तुळई. सगळं जाड करायचं म्हटलं तर पोकळी उरायची कुठे?

वापर. दोन-तीन शब्द, मोठ्ठे. परिच्छेद यात लावू नका, डोळे दुखतात. अक्षरांत अंतर वाढवू नका, रोमनमध्ये ते रुबाबदार दिसतं, आपल्याकडे शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द गाडीतून सांडल्यासारखा दिसतो. मराठी ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे, २००९चा शासन निर्णय आहे त्यावर, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडून बघा, फाँटात सोय असेल तर आपोआप बदलतात. आणि आउटलाइन, हात जोडतो, नको.

शेवटची स्लाइड लावा हो. हं. एकच शब्द आहे, त्यावर आउटलाइन मुद्दाम चढवलीय. मागच्या रांगेतल्यांनी सांगा, पुढच्यांनी गप्प बसा: घर आहे की धर?