ताप कधी आला, ते लिहून ठेवा

नमस्कार श्रोतेहो. मुंबईत पाऊस एकदा स्थिरावला की दवाखान्यात माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताप कधीपासून? आणि उत्तरही ठरलेलं, "असतील दोन-तीन दिवस, डॉक्टर."

मागच्या पावसाळ्यात मात्र एक बाई आल्या आणि पिशवीतून भिंतीवरच्या कॅलेंडरचं अख्खं पानच काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख आणि त्याच चौकोनांत मुलाचा ताप. "मंगळ रात्र, ताप १०३, डोळे दुखतात." "बुध, उलटी एक." "शनि, ताप नाही. पोट दुखतं, मलूल." तो शनिवारचा चौकोन वाचला आणि मी मुलाला त्याच संध्याकाळी दाखल करायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण ताप तर उतरलाय!"

डेंग्यू नेमका इथेच फसवतो. पहिले तीन-चार दिवस सणसणून ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, हाडं मोडल्यासारखं अंग, कधी अंगावर लाल पुरळ. मग ताप उतरतो, घरातले सुटकेचा श्वास टाकतात आणि खरा धोका तेव्हा सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान काही जणांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरून बाहेर पडू लागतं. पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, सहा-सहा तास लघवी नाही, माणूस एकदम सुस्त किंवा उगाच बेचैन, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. रिक्षा करायची आणि हॉस्पिटल गाठायचं.

लोक मात्र प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचा, आकडा धरून बसतात. रात्री अकराला फोन येतो, "डॉक्टर, ९० हजार झाल्यात, रक्तदाता शोधू का?" अहो, रक्तस्राव नसेल तर एवढ्यावर कुणी प्लेटलेट चढवत नाही. पेशंट पाणी पितोय का, लघवी होतेय का, ते आधी सांगा. पपईच्या पानांचा कडू रस पाजून उलट्या वाढवून आणलेली मुलंही मी पाहिली आहेत. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाच्या आणि वेळेच्या हिशेबाने. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या डेंग्यूची शंका असेपर्यंत बंद, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. अंगदुखीची म्हणून दुकानातून आणलेल्या गोळीत बरेचदा हेच असतं. तपासणीलाही तारीख लागते. डेंग्यूच्या दोन रक्ततपासण्या असतात. एनएस-वन साधारण पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर आयजीएम. तारीख चुकीची सांगितलीत तर "निगेटिव्ह" आलेल्या कागदावर तुम्ही आणि मी दोघेही फसतो.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, या तापात तारीख उलटी मोजावी लागते. एक तरुण आला होता, स्कूटरवरून पार्सल पोचवणारा. ताप, डोळे लाल, आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की तपासणीच्या टेबलावर चढताना त्याने कठडा धरला. पाण्यातून चाललास का, विचारलं तर म्हणाला, "रोजच चालतो." मग आठवून आठवून सापडलं, दहा दिवसांपूर्वी गुडघाभर पाण्यातून त्याने गाडी ढकलली होती आणि टाचेला जुनी भेग होती. उंदरांच्या लघवीतले जंतू तुंबलेल्या पाण्यात उतरतात आणि अशाच भेगेतून, जखमेतून आत शिरतात. आजार दिसतो बहुतेकदा पाच ते चौदा दिवसांनी, म्हणजे पाणी ओसरून, आपण ते विसरूनही गेल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. पाणी ओसरलं आणि ऑगस्टमध्ये लेप्टोचे पेशंट यायला लागले, हे त्या वेळी वॉर्डात काम केलेला कुणीही सांगेल.

म्हणून पाण्यातून चालावं लागलं तर घरी आल्यावर साबणाने पाय धुवा, कोरडे करा, आणि कॅलेंडरवर एक फुली मारा. पायाला जखम असेल किंवा बराच वेळ पाण्यात गेला असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. डॉक्सिसायक्लिन हे साधं, स्वस्त औषध प्रतिबंधक म्हणून देता येतं. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरं औषध असतं, तेव्हा मनाने घेऊ नका. सुरुवातीच्या दिवसांत लेप्टोची तपासणी निगेटिव्हही येते. डॉक्टर रिपोर्टसाठी न थांबता औषध सुरू करतात ते त्यामुळे. डोळे पिवळे होणं, लघवी कमी होणं, धाप लागणं इथपर्यंत वेळ येऊ देऊ नका.

मलेरियाबद्दल एकच सांगतो. हुडहुडी भरून ताप आला की रक्ताची तपासणी करा, महापालिकेच्या दवाखान्यात ती होते. व्हायव्हॅक्स या प्रकारचा मलेरिया निघाला तर तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप जातो, पण जंतू यकृतात दबा धरून बसतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स असतो, काहींना आधी एक रक्ततपासणी करून. पाचव्या दिवशी बरं वाटतं, पाकीट फ्रिजवर राहतं, आणि दोन महिन्यांनी तोच माणूस म्हणतो, "डास पुन्हा चावला वाटतं."

आता पोट. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. पाणी बंद असताना जमिनीखालची नळी रिकामी होते, आणि तिला चीर असेल तर बाजूच्या गटारातलं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं ते लादी पुसायला, संडासला घ्या. पिण्याचं नंतर भरा, गाळा, आणि खळाखळा उकळी आल्यावर मिनिटभर तरी तसंच उकळू द्या. "कोमट केलं होतं डॉक्टर" हे चालत नाही. टायफॉइड, गॅस्ट्रो आणि कावीळ, तिन्ही याच पाण्यातून येतात. गरोदर बाईला कावीळ झाली तर हात धुऊन पिवळं पाणी काढून दाखवणाऱ्याकडे जाऊ नका, थेट हॉस्पिटलमध्ये न्या. तिच्यासाठी ई प्रकारची कावीळ जिवावर बेतणारी असते.

जुलाब लागले की ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू ४ टक्क्यांच्याही खाली आले. आपण मात्र पुडी अर्धी ग्लासभर पाण्यात आणि उरलेली "उद्याला" करतो. पूर्ण पुडी, पूर्ण एक लिटर पाणी. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. लहान मुलाला वाटी-चमच्याने, घोटघोट.

पायाच्या बोटांतल्या चिखल्या आणि जांघेतला नायटा यांना कुणी आजार म्हणत नाही, म्हणून दुकानदार देईल ती ट्यूब लावतात. त्यात स्टेरॉइड असेल तर खाज दोन दिवसांत थांबते आणि नायटा आतून पसरत राहतो. मोजे कोरडे ठेवा, ट्यूब दाखवून घ्या.

राहिले डास. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायची. नुसती ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकतात. घासायलाच हवं. पिंप, कुंडीखालची बशी, मनी प्लांटची बाटली, पत्र्यावरच्या ताडपत्रीचा खळगा.

हे सगळं मी पेशंटना तोंडपाठ सांगत असतो. गेल्या वर्षी दवाखान्यातलाच लसींचा फ्रिज पुसायला पुढे ओढला, तर मागच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी आणि त्यात स्वल्पविरामाएवढ्या अळ्या वळवळत होत्या. कंपाउंडर माझ्याकडे बघून काही बोलला नाही. ट्रे बाहेर नेऊन तापलेल्या फरशीवर ओतला, घासला. तेव्हापासून दवाखान्याच्या कॅलेंडरवर दर शनिवारच्या चौकोनात त्याच्या अक्षरात एकच शब्द असतो, "ट्रे".