बुडालेल्या जहाजातून वर येण्याची वाट

बडोद्याच्या लालबाग तरणतलावात, मास्कच्या काचेवर काळा कागद चिकटवून उतरलेला एक तरुण तळाशी ताणलेल्या दोरीवरून बोटे सरकवत पुढे चालला आहे. हातमोजे जाड असल्याने प्रत्येक गाठ त्याला दोनदा चाचपावी लागते. तो वर येताच काठावरचे प्रशिक्षक काका म्हणतात, “घाई नको बाळा. दोरी सुटली, तर पुन्हा पहिल्यापासून.”

असा सराव ज्या जहाजांसाठी करतात, त्यांतले एक कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीच्या तळाशी आहे. ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’ हे जहाज २९ मे १९१४ रोजी धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसून अवघ्या १४ मिनिटांत बुडाले आणि हजाराहून अधिक माणसे दगावली. ते सुमारे ४० मीटर खोलीवर उजव्या कुशीवर पडून आहे. त्यामुळे आत भिंतीची जमीन झाली आहे, दरवाजे पायाखाली येतात आणि पायाच्या एका फटकाऱ्याने उठलेला गाळ दिव्याचा उजेडही गिळून टाकतो.

त्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या पाचपट असतो; पाठीवरच्या टाकीतली वर तासभर पुरणारी हवा तिथे जेमतेम १२ मिनिटे पुरते. दाबाखालची हवा मोकळी होताना आणखी गार होते, त्यामुळे गोठणबिंदूजवळच्या पाण्यात रेग्युलेटरच्या, म्हणजे टाकीतली हवा श्वासापुरती सोडणाऱ्या साधनाच्या, झडपेत बर्फ धरतो, झडप उघडीच अडकते आणि उरलीसुरली हवाही काही मिनिटांत निघून जाते. डोक्यावर पोलाद असल्याने सरळ वर जाता येत नाही. बाहेर पडल्यावर घाईने वर धाव घेतली, तर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणूनच एक तृतीयांश हवा जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेली स्वतःच्या किंवा साथीदाराच्या संकटासाठी राखण्याचा नियम मला फार माणुसकीचा वाटतो.

गारठलेल्या माणसाला शक्यतो आडवेच उचलावे लागते, कारण उभे खेचल्यास रक्तदाब कोसळू शकतो. त्याचे हातपाय चोळायचे नसतात. कोरडे पांघरूण आणि शुद्ध ऑक्सिजन देऊन त्याला दाबकक्षापर्यंत पोहोचवायचे असते. तिथे नायट्रोजनचे बुडबुडे पुन्हा विरघळावेत म्हणून बहुधा १८ मीटर खोलीइतका दाब पुन्हा देऊन तासन्‌तास उपचार चालतात.

पाण्याखालची हाक वर ऐकू येत नाही. परतायची वेळ टळली, की बोटीवरचा माणूस वहीतल्या नोंदीवरूनच मदत मागवतो. इथे काकांनीही वहीत वेळ टिपली आहे. तरुण पुन्हा दोरीचे टोक धरतो.