आयझेनहाउअर ते आयझेनहॉवर

श्रोतेहो, आडनाव बदलले म्हणजे कोणाला तरी काही लपवायचे असणार, असा आपला सर्वसाधारण समज असतो. अमेरिकेचे ३४ वे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या आडनावाची गोष्ट उलटी आहे. येथे अक्षरे बदलली, आणि त्यामुळेच उच्चार टिकला.

मूळ जर्मन आडनाव 'आयझेनहाउअर'. 'आयझेन' म्हणजे लोखंड आणि 'हाउएन' म्हणजे घाव घालणे, फोडणे. 'लोहार' असे भाषांतर करून मोकळे होता येते. पण लोहाराला जर्मनमध्ये 'श्मिट' हा स्वतंत्र शब्द आहे आणि खाणीत दगड फोडणाऱ्याला 'हाउअर' म्हणतात, म्हणून 'लोहखनिज फोडणारा' हा अर्थ मला अधिक पटतो.

या घराण्यातील हान्स निकोलस आयझेनहाउअर हे फ्रान्सच्या सीमेजवळच्या, आज जर्मनीच्या झारलँड राज्यात असलेल्या कार्ल्सब्रुन गावाहून निघून १७४१ मध्ये फिलाडेल्फियाला उतरले. त्या काळी जर्मन कुटुंबे ऱ्हाइन नदीतून होडीने रॉटरडॅम गाठत आणि तेथून, वाटेत इंग्लंडच्या बंदरात थांबून, अटलांटिक ओलांडत. फिलाडेल्फिया ज्या ब्रिटिश वसाहतीत होते, त्या पेनसिल्व्हेनियाने १७२७ पासून असा दंडक घातला होता, की उतरणाऱ्या प्रौढ पुरुषांनी इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेऊन यादीवर सही करावी. ज्याला लिहिता येत नसे तो नुसती खूण करी, आणि कारकून त्या खुणेच्या दोन्ही बाजूंना त्याचे नाव व आडनाव कानाला जसे ऐकू येई तसे लिही.

जर्मन लेखनात 'हाउअर'मध्ये 'ए' आणि 'यू' ही अक्षरे जोडून येतात. इंग्रजी वाचणारा हीच जोडी 'ऑगस्ट'मधल्या 'ऑ'सारखी वाचणार. त्यांच्या जागी 'ओ' आणि 'डब्ल्यू' आले, तेव्हा इंग्रजी जिभेलाही 'हाउअर' म्हणता येऊ लागले. (आपण मराठीत 'हॉवर' छापून तो टळलेला 'ऑ' पुन्हा घरात घेतला, ही गंमत वेगळीच.) इतर अनेकांनी सरळ भाषांतर केले, 'त्सिमरमान'चे 'कार्पेंटर' झाले, 'श्मिट'चे 'स्मिथ'.

अमेरिकेत आल्यावरही घराण्याची भाषा लगेच सुटली नाही. ड्वाइट यांचे आजोबा जेकब हे 'रिव्हर ब्रदरन' या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते व जर्मनमधून प्रवचन करीत. १८७८ मध्ये ते पंथबांधवांसह पेनसिल्व्हेनियातून कॅन्ससला गेले. नातू १८९० मध्ये टेक्सासात जन्मला, पण वाढला कॅन्ससमधल्या ॲबिलीन गावी, इंग्रजीत.

७ मे १९४५ रोजी फ्रान्समधील रॅंस येथे जर्मनीच्या शरणागतीवर सही केल्यानंतर जर्मन जनरल योडल यांना दोस्त राष्ट्रांचे सेनापती आयझेनहॉवर यांच्या खोलीत आणण्यात आले. अटी नीट समजल्या आहेत ना, एवढेच आयझेनहॉवर यांनी विचारले. प्रश्न इंग्रजीत होता. तो जर्मनमध्ये सांगायला दुभाषा उभा होता.