कपाटातल्या ओव्या

[दृश्य: स्कॅनिंगचं टेबल, हात जवळून]

आधी ब्रश. शिलाईत बसलेली धूळ निघाल्याशिवाय पान काचेखाली जात नाही. हा 1986 सालचा पीएच. डी.चा प्रबंध. विषय, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्या. टाइपरायटरवर कार्बन लावून काढलेल्या मोजक्या प्रतींपैकी ही एक. जी जोडाक्षरं यंत्रावर उमटत नव्हती, ती प्रबंध लिहिणाऱ्या बाईंनी शाईनं भरली आहेत. शेवटी त्यांनीच काढलेला नकाशा: जांबोटी, कणकुंबी, नंदगड.

काच खाली येते, दिवा लागतो, जोडपान टिपलं जातं. पान उलटायचं, पुन्हा तेच.

[दृश्य: संगणकाचा पडदा]

चित्राची अक्षरं करणारं सॉफ्टवेअर 'ख'चा 'रव' करतं, 'ध'चा 'घ'. कणकुंबीकडची बोली तर त्याला चूकच वाटते. म्हणून इथं त्याच भागातली एक विद्यार्थिनी बसते आणि ओळ न् ओळ मूळ पानाशी ताडून बघते. वेळखाऊ काम आहे, पण ते टाळलं तर ओव्या बिघडलेल्याच पसरतील.

[दृश्य: बाईंचं घर, सहीचा कागद]

सगळ्यात महत्त्वाचा कागद हा. वेगळा लेखी करार नसेल तर प्रबंधाचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचाच असतो. तो खुला करायचा अधिकारही त्याचाच. बाईंनी क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना निवडला: कुणीही वाचावं, प्रत काढावी, वर्गात शिकवावं, नाव द्यावं, धंदा करू नये. सही करण्याआधी त्यांनी परिशिष्ट उघडून दाखवलं. त्यात ओव्या सांगणाऱ्या बायकांची नावं आहेत, गावासकट. ही पानं वेगळी काढायची नाहीत, एवढंच त्यांनी बजावलं.

[दृश्य: कॉलेज रोड, झेरॉक्सचं दुकान]

कॉपीराइट म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी घाबरतो. पण 1957च्या कायद्यातच शिकण्या-शिकवण्यासाठी सवलत आहे. अभ्यासाच्या झेरॉक्स प्रतींविरुद्ध प्रकाशक कोर्टात गेले होते, त्या दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयानं तीच ग्राह्य धरली.

नव्या प्रबंधांसाठी वाटही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2009च्या नियमांपासून प्रबंधाची डिजिटल प्रत द्यावी लागते आणि ती 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर वाचायला मिळते. अडचण त्याआधीच्यांची. इथल्या संशोधकांपैकी कुणी धारवाडला पीएच. डी. केली, कुणी कोल्हापूरला. सीमाभागातल्या मराठीचा अभ्यास असा दोन राज्यांच्या कपाटांत विभागला गेला, आणि उरलेल्या प्रती घरच्या ट्रंकेत. त्या ट्रंका लिहिणारी माणसं हयात असतानाच उघडायला हव्यात. आज एका सहीनं जे होतं, त्यासाठी उद्या वारस शोधत फिरावं लागतं.

बाईंची फाइल आता खुली आहे. बेळगावबाहेरचे विद्यार्थीही ती वापरू लागलेत.

[दृश्य: वाचनालय, दुसरं कपाट]

या कपाटातल्या एका पुस्तकाचे लेखक 1994 साली वारले. कॉपीराइट मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2054 अखेरपर्यंत. 2012च्या दुरुस्तीमुळे सार्वजनिक वाचनालयाला स्वतःकडची प्रत जपण्यासाठी स्कॅन करता येते, आणि ते काम सुरू झालं आहे. इंटरनेटवर ठेवायला मात्र वारसांचा होकार लागेल. त्यांना पत्रं गेली आहेत.