नाव टाकलं की काय दिसतं

(दृश्य : अमळनेरचा बाजार, संध्याकाळ. मोबाइलवर नाव टाइप करणारं बोट.)

खान्देशात स्थळ आलं की चौकशी पाहुण्यांकडे व्हायची, गल्लीतल्या जुन्या माणसांकडे व्हायची. आजही होते. पण त्याआधी घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘नाव टाकीसन देख रे भो.’ मुलाचं नाव, आडनाव, गाव टाकलं की क्षणात पडदा भरतो.

समजा, या मुलाचं नाव काही वर्षांपूर्वी एका हाणामारीच्या गुन्ह्यात आलं होतं. अटक झाली, बातमी लागली. पुढे खटला चालला आणि कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. सुटल्याची बातमी मात्र कुणी लावली नाही. त्यामुळे नाव टाकलं की सगळ्यात वर येतं ते अटकेचंच पान. निळा मथळा, त्याखाली दोन ओळी, आणि त्या दोन ओळींतच ‘अटक’. लोक पान उघडतसुद्धा नाहीत, तेवढ्यावरच स्थळ परत जातं. कोर्टाने ज्याला सोडलं, त्याची शिक्षा मोबाइलवर चालूच राहते. हे सहन करण्यासारखं नाही.

घरचे म्हणतात, ‘गूगलवरून काढून टाका.’ पण मुळात ते पान गूगलचं नाहीच. ते त्या बातमीच्या संकेतस्थळावर, त्यांच्या सर्व्हरवर आहे.

(दृश्य : रावेर परिसर. केळीचे मळे, ट्रक भरणं सुरू.)

रावेरचा केळीचा व्यापारी रोज प्रत्येक मळ्यात जात नाही. कुणाचा माल कापणीला आलाय, याची नोंद त्याच्या वहीत असते. तुम्ही विचारलं की तो वही बघून सांगतो. मळा रिकामा झाला तरी त्याचा माणूस पुन्हा फेरी मारेपर्यंत वहीत घड उभेच असतात. शोधयंत्राचंही तसंच चालतं. गूगलबॉट नावाचा प्रोग्राम पानापानावर फिरतो, वाचलेलं अनुक्रमणिकेत नोंदवतो, आणि आपल्याला दिसते ती ही नोंद. म्हणून मूळ पान आज पुसलं तरी निकालात ते काही दिवस, कधी काही आठवडे दिसत राहतं.

नोंद कायमची घालवायचा खरा अधिकार पानाच्या मालकाकडे असतो. त्याने पान काढून टाकलं आणि सर्व्हर 404 (पान सापडत नाही) किंवा 410 (पान कायमचं गेलं) हे उत्तर देऊ लागला, की पुढच्या फेऱ्यांत नोंद गळून पडते. पान वाचकांसाठी ठेवायचं, पण शोधात येऊ द्यायचं नसेल, तर पानाच्या कोडमध्ये ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘अनुक्रमणिकेत घेऊ नका’, ही सूचना घालतात.

इथे भले भले फसतात. ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची एक फाइल असते. 1994 पासून चालत आलेली ही पद्धत. कोणत्या प्रोग्रामने कुठे फिरकू नये हे तिच्यात लिहितात. वेबसाइट सांभाळणारा मुलगा विचार करतो, दोन्ही लावू, दुहेरी बंदोबस्त होईल. होतं उलटंच. फाइलने गूगलबॉटला दारातच अडवलं, तर आतली ‘नोइंडेक्स’ त्याला वाचता येत नाही. दुसऱ्या कुणी त्या पानाची लिंक दिली असेल, तर नुसता पत्ता निकालात राहू शकतो. दार उघडं ठेवून सूचना वाचू देणं, हाच खरा उपाय.

पीडीएफची गोष्ट आणखी वेगळी. एखादी संस्था लाभार्थ्यांची यादी मोबाइल नंबरांसकट वेबसाइटवर चढवते आणि विसरून जाते. पीडीएफमध्ये ‘नोइंडेक्स’ची सूचना घालायला जागाच नसते. ती सर्व्हरच्या उत्तरातून, ‘एक्स-रोबोट्स-टॅग’ म्हणून पाठवावी लागते. खरं तर अशी यादी उतरवूनच टाकावी. शेतकऱ्याचा नंबर जगाला कशाला हवा?

तातडी असेल तर मालकाला सर्च कन्सोल या वेबसाइटवाल्यांसाठीच्या गूगलच्या साधनातून पान निकालात झाकता येतं, पण साधारण सहा महिन्यांपुरतंच. तेवढ्यात मुळावर इलाज झाला नाही, तर पान पुन्हा वर.

(दृश्य : जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा.)

आणि मालकच ऐकत नसेल तर? स्पेनमध्ये एका गृहस्थाचं नाव टाकलं की 1998 सालच्या वर्तमानपत्रातली, त्यांच्या थकबाकीपायी झालेल्या लिलावाची नोटीस दिसायची. थकबाकी केव्हाच मिटली होती. त्यांचं नाव इथे घेत नाही, कारण ते विसरलं जावं एवढंच त्यांचं मागणं होतं. 13 मे 2014 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला: वर्तमानपत्राचं पान राहील, पण नावाने शोधल्यावर गूगलने ते दाखवू नये. पान आणि नोंद, दोन्हींचा हिशेब न्यायालयाने वेगळा केला.

आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. एप्रिल 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष सुटलेल्या एका माणसाच्या खटल्याचा निकाल गूगलच्या शोधातून हटवण्याचा अंतरिम आदेश दिला. त्या माणसाची तक्रार आपल्या अमळनेरच्या मुलासारखीच होती, फक्त त्याची नोकरी अडली होती. तरीही युरोपसारखी ठरलेली वाट भारतात नाही. बातमीचं स्वातंत्र्यही मोलाचं आहे. पुढाऱ्याचा घोटाळा त्याच्या अर्जावर पुसला जाऊ नये, हे आम्हाला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

काही गोष्टींना मात्र वाट बघावी लागत नाही. तुमचा फोन नंबर, घरचा पत्ता, बँक खात्याचा क्रमांक, सहीचा फोटो निकालात दिसत असेल, तर गूगलचा स्वतंत्र अर्ज आहे. संमतीविना टाकलेल्या खासगी फोटोंसाठीही आहे, आणि तिथे एक दिवसही थांबू नका. सायबर पोलिसांतही तक्रार द्या. मूळ पान बदललंय पण निकालात जुनंच दिसतंय, यासाठी तिसरा अर्ज. बिंग या मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्राचे अर्ज वेगळे. एकीकडून गेलं म्हणजे दुसरीकडून गेलं असं होत नाही. हे सगळे अर्ज फुकट आहेत. ‘नाव साफ करून देतो’ म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर आधी हे अर्ज स्वतः भरून बघा.

(दृश्य : कोर्टाचं आवार. नक्कल विभागाची खिडकी.)

त्या मुलाने सुरुवात करायची ती इथून. नकलेचा अर्ज द्यायचा, निकालाची प्रमाणित प्रत घ्यायची. ती जोडून संपादकांना पत्र लिहायचं: बातमी काढा, नाहीतर त्याच पानावर, मथळ्यातच, निर्दोष सुटल्याचं लिहा. बऱ्याचदा दुसरी मागणी लवकर मान्य होते. पान बदललं की जुन्या मजकुराचा अर्ज भरायचा, म्हणजे गूगल ते पान पुन्हा वाचतं आणि मथळ्याखालच्या त्या दोन ओळीही बदलतात.