तू उतर, मी गाडी लावून येतो

[दृश्य: गच्चीवरून गोखले रोड, शनिवार संध्याकाळ. खालचा आवाज तसाच ठेवायचा, म्युझिक नको.]

हा गोखले रोड. ठाणे पश्चिम, शनिवार, सव्वासात वाजलेत. नौपाड्यातल्या एका बिल्डिंगच्या गच्चीवरून शूट केलंय, सोसायटीच्या सेक्रेटरींनी परवानगी दिली आणि वर चहा पण पाठवला, त्यांचे आभार इथेच मानून टाकतो. खाली लाल दिव्यांची जी माळ दिसतेय ती रोजचीच, त्यात नवीन काही नाही. पण त्या पांढऱ्या गाडीकडे बघा, टपावर काळं कॅरियर आहे ती. थांबली. मागच्याने लगेच हॉर्न मारला. डावीकडचं दार उघडलं, एक बाई उतरल्या, पर्स सावरली, परत आत वाकून काहीतरी ऐकलं आणि दुकानाच्या पायऱ्या चढल्या. आम्ही चौथ्या मजल्याच्या वर, ऐकू यायचा प्रश्नच नाही, पण आत काय बोलणं झालं ते ठाण्यात कोणालाही विचारा, पाठ असेल. तू उतर, मी गाडी लावून येतो.

ही गाडी आपल्याला परत दिसणारे.

[दृश्य: पे अँड पार्कचं तोंड, कॅमेरा फुटपाथवर. पावती मशीनचा क्लोजअप.]

हे स्टेशनच्या आसपासचं एक पे अँड पार्क. कुठलं ते सांगत नाही, कारण इथे उभे असलेले काका बिचारे उगाच अडचणीत यायचे. काकांच्या गळ्यात पावतीचं मशीन, पोटाला पैशाची बॅग, कानामागे पेन. पेन कशाला, तर मशीन बंद पडलं की गाडीचा नंबर हातावर लिहायला. बघा, डाव्या मनगटावर तीन नंबर आहेत, त्यातला एक घामाने पुसला गेलाय.

आता गंमत बघा. रोल संपला. काकांनी मशीनचं झाकण उघडलं, नवा रोल खिशातून काढला, त्याची चिकटपट्टी निघेना म्हणून दाताने ओढली, रोल उलटा बसला, परत काढला. तोवर पुढची गाडी बॅरियरला टेकलेली, तिच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी, आणि तिसरीचं ढुंगण थेट रस्त्यात. हे सगळं फुटेजवर मोजलं, एक मिनिट दहा सेकंद. त्याच वेळी आतून एक जण बाहेर यायला निघालाय आणि यायचा-जायचा उतार एकच आहे.

“काका, फुल आहे का?”

“नाय साहेब, आत जागा आहे, तुम्ही जरा मागे घ्या, आतली बाहेर येऊ दे.”

“मागे कुठे घेऊ, मागे टीएमटीची बस आहे!”

आत कॅमेरा न्यायला परवानगी मिळाली नाही, पण उताराच्या तोंडावरून झूम करून हा शॉट मिळाला. डाव्या भिंतीला तीन जागा रिकाम्या आहेत. आत जागा आणि बाहेर रांग, दोन्ही एकाच फ्रेममध्ये सापडलं म्हणून तर ही फिल्म करायचं ठरलं, नाहीतर आम्ही तलावपाळीवर दुसरंच काहीतरी शूट करायला आलो होतो.

[दृश्य: ग्राफिक, वरून काढलेला रस्ता, बॅरियर आणि गाड्यांचे डबे.]

हे जरा नीट समजून घेऊ, कारण सगळी भानगड इथेच आहे. समजा एका गाडीला आत घ्यायला वीस सेकंद लागले, तर एका बॅरियरमधून तासाला १८० गाड्या जातात, भरपूर झाल्या. पण तिथे असं होत नाही. काच खाली येते, किती झाले विचारतात, नंबर टाइप होतो, सुट्टे नसतात, मग स्कॅन, मग नेट गोल गोल फिरत बसतं, मग आलं का बघा हो काका, आणि ह्यात आरामात पंचेचाळीस सेकंद जातात. म्हणजे तासाला ८० गाड्या. आणि येणाऱ्या गाड्या ९० असतील तर? दर तासाला दहा गाड्या बाहेर उरल्या. एक गाडी आणि तिच्या पुढची फट धरून सहा मीटर धरा, दहा गाड्यांचे साठ मीटर झाले, आणि गोखले रोडवर साठ मीटर रांग म्हणजे मागचा सिग्नल, चौक, रिक्षा स्टँड सगळं गेलं. पार्किंगमध्ये जागा किती आहे ह्याचा ह्यात कुठेच संबंध आला नाही हे लक्षात घ्या. हजार गाड्यांचं पार्किंग बांधलं तरी तोंड एवढंच ठेवलं तर रांग तेवढीच.

ठाणेकरांना हे वेगळं समजवायची खरं तर गरज नाही, आनंदनगरचा टोलनाका आठवा. हायवे तसाच, गाड्या तेवढ्याच, अडायचं ते फक्त पैसे द्यायच्या खिडकीपाशी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही एन्ट्री पॉइंटवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला तेव्हा कळलं की ती रांग रस्त्याची नव्हती, खिडकीची होती. (पुढे मेट्रोच्या कामाने काय होतं तो वेगळा विषय.)

[दृश्य: राम मारुती रोड, पी १ चा बोर्ड, मोबाईलवर तारीख बघणारा माणूस.]

आता वरची बाजू, म्हणजे रस्त्यावर लावणारे. हे गृहस्थ मोबाईलमध्ये काय बघतायत? तारीख. पी १ म्हणजे विषम तारखेला ह्या बाजूला, पी २ म्हणजे सम तारखेला समोर. आम्ही शूट केलं त्या दिवशी तारीख होती ३१. दुसऱ्या दिवशी १. दोन्ही विषम, म्हणजे सलग दोन दिवस एकाच बाजूला, आणि रविवारी सकाळी समोरच्या बाजूला गाडी लावून निवांत मिसळ खायला गेलेले हे बघा कसे पळत येतायत. नो पार्किंगचा दंड पहिल्या वेळी ५०० रुपये, आणि हल्ली पावती फाडत नाहीत, लांबून फोटो काढतात आणि चलान मेसेजवर येतं.

ह्या कुंड्या बघा. हा सिमेंट भरलेला टायर बघा, मधोमध लोखंडी पाइप, त्यावर पाटी, गाडी लावल्यास हवा काढण्यात येईल. प्लास्टिकचं स्टूल, त्याच्यावर वीट. रस्ता सगळ्यांचा आहे हे मान्य पण दुकानासमोरचा आपला.

[दृश्य: पांढरी गाडी. वेळ: ७.३१.]

आली. दुसरी चक्कर. इंडिकेटर चालू, स्पीड माणूस चालतो तेवढा, मान डावीकडे. जागा शोधणारी गाडी ओळखायची सोपी खूण आहे ही, ड्रायव्हर समोर बघतच नाही.

[दृश्य: तलावपाळी, कोपिनेश्वर मंदिर, जांभळी नाक्याचा भाजीबाजार, मग स्टेशन.]

हे असं का झालं त्यासाठी थोडं मागे जाऊ. मासुंदा तलाव, काठावर कोपिनेश्वर, बाजूला बाजारपेठ, हे जुनं ठाणं. मग १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ३४ किलोमीटरवर पहिली पॅसेंजर गाडी येऊन थांबली ती इथे, आणि गावाचं तोंड स्टेशनकडे वळलं. तलाव आणि स्टेशन ह्यांच्यामध्ये जे रस्ते आहेत ते टांग्यांच्या आणि पायी चालणाऱ्यांच्या हिशोबाचे. नगरपालिका १८६३ ची, महानगरपालिका १९८२ ची, आणि तेवढ्यात नौपाड्यातल्या बैठ्या घरांच्या जागी बिल्डिंगा आल्या, आता त्या बिल्डिंगा पाडून टॉवर येतायत, टॉवरला खाली तीन-चार मजले पार्किंग आहे आणि ते उतरतं त्याच रस्त्यावर, ज्याची रुंदी एका इंचाने वाढलेली नाही. घोडबंदरला राहायला गेलेली माणसं पण साड्या, सोनं, फराळाचं सामान घ्यायला इथेच येतात, आमच्या घरी पण तेच, दिवाळीचा कंदील जांभळी नाक्यावरूनच पाहिजे.

उपाय झालेच नाहीत असं नाही. हे सॅटिस, स्टेशनबाहेरचा पूल, बसेस वरून, रिक्षा खालून. आणि हे गावदेवी मैदान, हा शॉट माझा आवडता आहे, वर पोरं क्रिकेट खेळतायत आणि त्यांच्या पायाखाली भुयारी पार्किंग. कल्पना चांगलीच आहे, मैदान पण राहिलं. पण खाली जागा आहे की नाही हे तीन पेट्रोल पंप नावाच्या चौकात गाडीत बसलेल्या माणसाला कसं कळणार? त्याला गेटपर्यंत यावं लागतं. आणि गेटवर येऊन फुलची पाटी वाचली तर उपयोग काय, तोवर तो त्या गल्लीत शिरलेला असतो, यू-टर्न मारायची सोय नाही, मग एक अख्खी चक्कर.

[दृश्य: ग्राफिक. चौकात डिजिटल बोर्ड, तीन पार्किंगची नावं, पुढे आकडे.]

म्हणून बोर्ड गेटवर नको, आधीच्या चौकात पाहिजे. जिथून वळायचं ते ठरतं तिथे. इकडे ४०, तिकडे ०, संपला विषय. ह्यात रॉकेट सायन्स काही नाही, आत किती गेल्या आणि बाहेर किती आल्या त्याची वजाबाकी, मॉलवाले वर्षानुवर्षं करतायत, त्यांच्या बेसमेंटमध्ये हिरवे-लाल दिवे बघितलेत ना आपण.

दुसरं, बॅरियर रस्त्याला खेटून नको. तीस मीटर आत घेतला तर पाच गाड्या रांगेत उभ्या राहतात पण रस्त्याच्या बाहेर. जिथे तीस मीटर नाहीत, आणि जुन्या ठाण्यात बहुतेक ठिकाणी नाहीत, तिथे निदान पैसे आत येताना घेऊ नका. येताना नुसतं आत सोडा, पैसे जाताना. बाहेर पडणारी रांग आतच राहते, तिचा त्रास आतल्या आत. आणि फास्टॅग प्रत्येक गाडीच्या काचेवर चिकटवून घेतलाच आहे २०२१ पासून, दिल्लीत काश्मिरी गेट मेट्रो स्टेशनच्या पार्किंगमध्ये त्याच वर्षी त्याने पैसे घ्यायला सुरुवात पण झाली. काकांची नोकरी जाईल का असं आमच्यातल्या एकाने विचारलं. काका म्हणाले, “अहो, मला आत उभं करा, गाड्या नीट लावून घेतो. इथे उन्हात मशीनशी मारामारी करायला कोणाला हौस आहे.”

[दृश्य: रस्त्याच्या कडेची पार्क गाडी, तिच्याभोवती खडूने आखलेला चौकोन. पोरगा आत उभा राहून हात पसरतो.]

आता जे बोलणार ते काही जणांना आवडणार नाही, मला पण आवडत नाही, माझीही गाडी आहे. गाडी उभी करायला साधारण अडीच बाय पाच मीटरची जागा लागते, ही आम्ही खडूने आखली. आत-बाहेर करायची वाट धरली तर उघड्या पार्किंगमध्ये एका गाडीमागे २३ चौरस मीटर धरतात, बेसमेंटमध्ये ३२. तेवीस म्हणजे जवळपास अडीचशे स्क्वेअर फूट. नौपाड्यात अडीचशे स्क्वेअर फुटाचं भाडं किती ते एजंटला विचारून बघा. आणि तीच जागा रस्त्याच्या कडेला आपल्याला फुकट पाहिजे असते, खाली पैसे पडतात, वर पडत नाहीत, मग माणूस वरच फिरणार ना.

अमेरिकेत लॉस एंजेलिसला डोनाल्ड शूप म्हणून प्राध्यापक होते, २०२५ मध्ये गेले, त्यांनी आयुष्यभर ह्याच एका गोष्टीचा पिच्छा पुरवला. युनिव्हर्सिटीच्या बाजूची वेस्टवूड नावाची पेठ, पंधराच ब्लॉक, तिथे रस्त्याकडेची जागा शोधायला सरासरी ३.३ मिनिटं लागतात असं त्यांनी मोजलं. तीन मिनिटं म्हणजे काहीच नाही वाटतं. पण सगळ्यांची मिळून वर्षाची चक्कर साडेनऊ लाख मैल भरली, पंधरा लाख किलोमीटरच्या वर, तेवढ्याशा पेठेत. त्यांचं म्हणणं सरळ होतं, रस्त्यावरची जागा आतल्यापेक्षा स्वस्त ठेवली की लोक गोल फिरणारच. नंतर २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने प्रयोग केला, जिथे गर्दी तिथे दर वाढवायचा, जिथे रिकामं तिथे कमी करायचा, म्हणजे प्रत्येक ब्लॉकला एखादी-दुसरी जागा मोकळी सापडेल. आपल्याकडे पण २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात लिहिलंय की पार्किंगचं शुल्क त्या जमिनीच्या किमतीला धरून असावं. लिहिलंय.

[दृश्य: बसमध्ये उभी माणसं, फुटपाथवरून रस्त्यात उतरणारी आजी, रिक्षाचं मीटर. नॅट साउंड.]

बस लेट, मीटर चालू, फुटपाथवर स्कूटर म्हणून आजी रस्त्यात, धूर आहेच.

[दृश्य: दुकानाच्या पायऱ्या. वेळ: ८.०२.]

ह्या त्याच बाई. खरेदी झाली, हातात दोन पिशव्या, एका पिशवीतून साडीच्या खोक्याचा कोपरा बाहेर आलाय. फोन कानाला. ह्या वेळी आमचा माणूस खाली पायऱ्यांपाशीच होता म्हणून ऐकू आलं.

“अहो, कुठे आहात? माझं झालं पण.”

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. पण आता परत गच्चीवरचा कॅमेरा. डावीकडून, बसच्या मागे, काळं कॅरियर. चौथी चक्कर. बाई हात करतात, गाडी थांबते, मागच्याने हॉर्न मारला, दार उघडलं, पिशव्या आधी आत गेल्या, मग त्या.

काकांच्या पार्किंगमध्ये त्या तीन जागा तेव्हाही रिकाम्या होत्या, आम्ही जाऊन बघून आलो.

[दृश्य: गाडी तीन पेट्रोल पंपाच्या दिशेने निघून जाते. तिच्या जागी निळी गाडी थांबते, डावीकडचं दार उघडतं. कट.]