कुष्ठरोग, रिअ‍ॅक्शन आणि आपलीच प्रतिकारशक्ती

श्रोतेहो, नमस्कार.

कुष्ठरोगाचा जंतू बोटे खातो, हात वाकडे करतो आणि पाय झिजवतो, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. हा जंतू यांपैकी काहीही करत नाही. नॉर्वेमधील बर्गेन येथे डॉक्टर हान्सेन यांनी १८७३ मध्ये तो प्रथम ओळखला. एकाचे दोन व्हायला त्याला १२ ते १४ दिवस लागतात, आणि पटकीचा जंतू अनुकूल स्थितीत हेच काम तासाभराच्या आत उरकतो. शिवाय तो विष तयार करत नाही. शरीरात शिरलाच, तरी बहुसंख्य माणसांची प्रतिकारशक्ती त्याला सहज संपवते आणि त्यांना रोग कधी होतही नाही. मग ज्यांना रोग होतो त्यांचे हात आणि पाय निकामी कशाने होतात? याचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्या स्वतःच्या रोगप्रतिकार यंत्रणेत आहे, आणि आजच्या भाषणात मला तेच सविस्तर सांगायचे आहे.

या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात, म्हणून तो कातडीत आणि कातडीलगतच्या नसांमध्ये घर करतो. नस म्हणजे येथे रक्तवाहिनी नव्हे, तर स्पर्शाची जाणीव मेंदूकडे नेणारा आणि मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणारा मज्जातंतू. या तंतूंवर आवरण घालणाऱ्या पेशींमध्ये जंतू वर्षानुवर्षे काहीही गडबड न करता राहू शकतो. पुढे काय घडणार, हे त्या माणसाची प्रतिकारशक्ती त्याला कसे उत्तर देते यावर ठरते. रिडली आणि जॉपलिंग या दोन संशोधकांनी १९६६ मध्ये कुष्ठरोगाची जी वर्गवारी मांडली, तिचा पायाच हा आहे. एका टोकाला असे रुग्ण असतात की ज्यांच्या टी-पेशी, म्हणजे जंतू ओळखून त्यांच्यावर हल्ला चढवणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी त्वेषाने तुटून पडतात. त्यांच्या अंगावर एखाददुसरा बधीर चट्टा दिसतो, कातडीचा नमुना तपासला तर जंतू सापडतही नाहीत, पण नसेच्या आत शिरलेल्या या पेशींच्या गाठी जंतूबरोबर नसेचे धागेही नष्ट करतात. दुसऱ्या टोकाला असे रुग्ण असतात की ज्यांच्या टी-पेशी या जंतूला ओळखूनही स्वस्थ बसतात. त्यांच्या अंगात जंतूंची संख्या अब्जावधींवर जाते, कानाच्या पाळ्या जाड होतात, चेहऱ्याची कातडी सुजते, तरी नसांचे नुकसान मात्र सावकाश, पुष्कळ उशिरा, आणि मग बऱ्याच नसांमध्ये एकदम दिसू लागते. थोडक्यात, जंतू ज्याच्या अंगात कमी, त्याची नस बहुधा आधी जाते.

या दोन टोकांच्या मध्ये जे रुग्ण असतात, त्यांची प्रतिकारशक्ती स्थिर नसते, आणि सर्वांत मोठा धोका त्यांनाच असतो. एखाद्या दिवशी, पुष्कळदा औषध सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, इतके दिवस दबलेल्या टी-पेशी अचानक जाग्या होतात. जुने फिकट चट्टे लालबुंद होऊन फुगतात, हातापायांवर सूज येते आणि नस दुखू लागते. दवाखान्यात याला सरळ रिअ‍ॅक्शन असेच म्हणतात, आणि रुग्णही तोच शब्द वापरतात. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाला धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. त्या जागी हाडाच्या खोबणीतून जी नस जाते, ती रिअ‍ॅक्शनमध्ये दोरीसारखी जाड होते. खोबण अरुंद, नसेचे वेष्टण घट्ट, त्यामुळे सुजेला पसरायला वाव नसतो. आतले धागे दाबले जातात, त्यांचा रक्तपुरवठा तुटतो, आणि काही दिवसांत, कधी एका रात्रीत, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधीर होऊन वाकू लागते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची नस अशीच दाबली गेली तर पाऊल वर उचलता येत नाही. चेहऱ्याची नस गेली तर डोळा पूर्ण मिटत नाही आणि बुबुळ कोरडे पडून त्यावर जखम होते. बधीर तळपायाला मग काटा टोचल्याचे किंवा चटका बसल्याचे कळत नाही, जखम चिघळते, आणि बोटे झिजतात ती त्या चिघळण्याने.

दुसऱ्या प्रकारची रिअ‍ॅक्शन जंतूंची संख्या अफाट असलेल्या रुग्णांमध्ये होते. येथे टी-पेशींपेक्षा प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना चिकटण्यासाठी शरीराने रक्तात सोडलेली प्रथिने, पुढे येतात. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांना प्रतिपिंडे चिकटतात, त्यांचे पुंजके बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर साचतात आणि तेथे दाह सुरू होतो. ताप भरतो, अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठतात, डोळे, सांधे, वृषणे आणि नसा सुजतात. १९६४ मध्ये जेरुसलेम येथे डॉक्टर शेस्किन यांनी अशाच एका तळमळणाऱ्या रुग्णाला झोप यावी म्हणून थॅलिडोमाइडची गोळी दिली आणि त्याच्या गाठी झपाट्याने विरल्या. गर्भातील बाळांना भयंकर व्यंगे आणल्यामुळे १९६१ मध्ये बाजारातून काढून घेतलेले हे औषध आजही या रिअ‍ॅक्शनसाठी वापरतात, अर्थात अतिशय कडक निर्बंधांखाली.

मनाला लागणारी गोष्ट याच्या पुढची आहे. औषध सुरू केल्यावर चट्टे फुगले की रुग्णाला साहजिकच वाटते, गोळ्या उष्ण पडल्या, रोग वाढला. तो गोळ्या बंद करतो, घरातले लोकही त्याला दुजोरा देतात. प्रत्यक्षात रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन यांचा १९८१ पासून जगभर वापरला जाणारा एकत्रित उपचार आपले काम चोख करत असतो. हा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, आणि तो रिअ‍ॅक्शनच्या काळातही चालूच ठेवायचा असतो. जंतू मरतात, पण त्यांचे अवशेष शरीरात कित्येक वर्षे राहतात आणि प्रतिकार यंत्रणा त्यांच्यावरही तितक्याच जोराने चालून जाते. म्हणूनच औषधाचा सहा किंवा बारा महिन्यांचा क्रम पुरा झाल्यावर, माणूस जंतुमुक्त असतानाही, रिअ‍ॅक्शन येऊ शकते. ही गोष्ट उपचाराच्या पहिल्याच दिवशी रुग्णाला नीट समजावून सांगितली गेली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते, कारण ज्याला ती ठाऊक असते तो घाबरून पळत नाही.

नसेची सूज उतरवण्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात आणि त्याची मात्रा काही महिन्यांत हळूहळू कमी करत नेतात. नस कमजोर होऊन सहा महिन्यांपेक्षा कमी काळ झाला असेल, तर गेलेली शक्ती व संवेदना परत येण्याची आशा चांगली असते. हे औषध प्रतिकारशक्तीला आवर घालते, त्यामुळे मधुमेह, रक्तदाब आणि क्षयरोग यांची तपासणी करूनच ते द्यावे लागते. मेडिकल दुकानातून परस्पर घेणे किंवा बरे वाटले म्हणून एकदम थांबवणे, या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत.

महाराष्ट्रात मनोहर दिवाण यांचे दत्तपूर, शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन आणि बाबा आमटे यांचे आनंदवन हे कुष्ठरुग्णांसाठीचे आश्रम उभे राहू लागले, तेव्हा ही सूज आवरणारी औषधे हाताशी नव्हती. तेथे आश्रयाला आलेल्या अनेकांचे हात अशा न आवरलेल्या दाहानेच वाकले होते. आज औषधे आहेत, तरीही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले असतात.

स्वतःच्या संरक्षक पेशींनीच घाव घालण्याचा हा प्रकार कुष्ठरोगापुरता नाही. हिपॅटायटिस बी या काविळीत यकृताच्या पेशी मुख्यतः टी-पेशींच्या हल्ल्याने मरतात, आणि घशाच्या साध्या जंतुसंसर्गानंतर होणाऱ्या संधिवाताच्या तापात हृदयाच्या झडपा प्रतिकारशक्तीच्याच मारामुळे खराब होतात. कुष्ठरोगात मात्र हा हल्ला बाहेरून हाताला लागतो आणि वेळीच ओळखता येतो. आरोग्य कर्मचारी रुग्णाचे डोळे मिटवून घेतात, बॉलपेनचे टोक तळहातावर हलकेच टेकवतात आणि कोठे टेकवले ते बोटाने दाखवायला सांगतात. करंगळी इतर बोटांपासून दूर नेऊन त्यांच्या बोटाच्या दाबाविरुद्ध धरून ठेवायला सांगतात, मनगट आणि पाऊल वर उचलायला लावतात, कोपरामागची नस चाचपतात. या तपासणीला फार वेळ लागत नाही, यंत्रही लागत नाही. उपचार चालू असलेल्या प्रत्येक रुग्णाची ती दर महिन्याला झाली पाहिजे. उपचार संपलेल्यांनी चट्टा फुगला, नस दुखू लागली, हातातून वस्तू निसटू लागली, चालताना चप्पल नकळत गळून पडू लागली किंवा डोळा मिटेनासा झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि आपण पूर्वी कुष्ठरोगाच्या गोळ्या घेतल्या होत्या, हे तेथील डॉक्टरांना न संकोचता सांगावे.